शेवटच्या खेपेची हाक

नागपूरला समुद्र नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी माझा रविवार होड्यांच्या संग्रहालयापायी बुडाला. प्रेमिलाचा हट्ट, दुसरं काय! हुडकेश्वरहून कन्हान नदीच्या काठापर्यंत सगळं शहर ओलांडायचं, त्यात जागोजागी रस्ते खोदलेले. माझं डोकं गाडीतच फिरलं होतं.

तिचे वडील नावाडी होते. आमच्या लग्नानंतर लवकरच वारले. त्यांचा डोंगा, एका खोडातून कोरलेली ती होडी, आता तिथे ठेवला होता.

"शेवटच्या खेपेले बाबा हाक मारत, 'कोनी राह्यलं काय गा?'" ती सांगत होती. "ज्याले जायचं त्यानंच हो म्हणाव. दुसऱ्याच्या नावानं म्हणू नाही."

"काहून?"

"मंग नावाड्याले थांबाच लागते. त्या माणसाले नेल्याबिगर डोंगा हालवता येत नाही."

ही कथा मी शंभरदा ऐकली होती. 'काहून'ही सवयीनंच विचारलं होतं.

संग्रहालय म्हणजे एकामागे एक दोन खोल्या आणि एकच दार. वल्ही, जाळी, धूळ. त्यातच लाइट गेलेली. मागच्या खोलीत विटांवर कोरडाठक्क डोंगा होता, तरी खोलीभर ओल्या गाळाचा वास कोंडला होता. प्रेमिला काठावर हात ठेवून उभी राहिली ती राहिलीच. मी पुढच्या खोलीत येऊन डास मारत बसलो. बाहेर दिवस मावळत आला.

"चाल वं! किती वेळ?"

मग आतून, सावकाश, एक म्हातारा आवाज आला... "कोनी राह्यलं काय गा?"

मला वाटलं, चौकीदाराला कुलूप लावायची घाई झाली. आधीच वैतागलेलो, खेकसलो, "राह्यली नं! माझी बायको राह्यली. थांबा जरा!"

"थांबतो..."

मी दाराकडे वळलो. चौकीदार रस्त्यापलीकडे टपरीवर चहा पीत होता.

मी आत धावलो. प्रेमिला तशीच उभी, एकटी.

"कोण बोललं?"

"कोनीच नाही. तुम्हीच ओरडून राहिले."

मी तिला हाताला धरून बाहेर काढलं. घरी येईपर्यंत तिला काही सांगितलं नाही, नंतरही नाही. मला भीती वाटत होती, आणि माझ्या जिभेचा संताप येत होता.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आमच्या दाराशी गाळाचा वास येतो. जवळपास नाला नाही, नदी तर नाहीच. मी बंद दाराला तोंड लावून कुजबुजतो, "बाबा, चूक झाली... ती नाही येत. जा तुम्ही." वास मात्र जात नाही.

प्रेमिलाला यातलं काहीच जाणवत नव्हतं. एवढाच मला आधार होता.

आज मी असाच दाराशी उभा होतो. ती स्वयंपाकघरातून आली. गॅस बंद केलेला, पायात चपला, केस नीट विंचरलेले. माझ्याकडे बघून वैतागून म्हणाली,

"अहो, सरका नं बाजूले. किती वेळ थांबवून ठेवता त्याईले?"