साडेतीन हजारांच्या पुढे

मोजणीदारांचा मोजमापाशिवाय कशावरच विश्वास नव्हता. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि भांडणाऱ्या भावाभावांच्या मधून रेघा ओढल्या. निवृत्त झाल्यावरही चहात साखर घालायची ती चमचा सपाट करूनच. अशा माणसाच्या जीपला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटाच नव्हता, ही गंमतच म्हणायची. चार सिलिंडरची जुनी गाडी, डोंगर चढायला केलेली. कोणत्या गिअरमध्ये किती वेगाने जायचं हे सांगणारी पितळी पट्टी डॅशबोर्डवर होती, पण तिच्यावरचे आकडे केव्हाच झिजले होते.

आकड्यांवाचून त्यांचं काही अडलंही नाही, कारण शेजारी बायको बसायची. इंजिनाचा आवाज चढायला लागला की ती डॅशबोर्डवर तळवा टेकवायची, छोटा श्वास घ्यायची आणि म्हणायची, "अहो, बास." ते निमूटपणे गिअर बदलायचे. सव्वीस वर्षांत इंजिनाने एकदाही दगा दिला नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि जीपवर ताडपत्री पडली.

लेकीचं स्वतःचं गॅरेज होतं. बापाचं घरात कुढत बसणं तिला बघवेना. तिने इंजिन उतरवून नव्या रिंगा घातल्या, बेअरिंगं बदलली, फेऱ्यांचा मीटर बसवला आणि साडेतीन हजारांवर लाल रेघ ओढली.

"पुस्तकात चार हजार लिहिलेत, पण ते कोऱ्या इंजिनाला," ती म्हणाली. "हे म्हातारं झालंय, बाबा. याच्या पुढे गेलात तर पिस्टनची दांडी तुटेल आणि ब्लॉक फोडून बाहेर येईल. थेट तुमच्या पायापाशी."

"तीस वर्षं लोकांच्या हद्दी मी आखल्या, आणि तू मला रेघ दाखवतेस होय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जीप दगडखाणीच्या चढावर घातली. दुसरा गिअर. काटा लाल रेघेला टेकला आणि कानाशी कुणीतरी श्वास घेतला. छोटा, बोलण्याआधी घेतात तसा. पुढे काहीच नाही.

वाऱ्याने छपराचं कापड फडफडलं असेल, असं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. त्या दिवशी ते सात वेळा चढ चढले आणि वहीत सात नोंदी केल्या. सातही वेळा श्वास आला, साडेतीन हजारांवरच.

त्यांना भीती वाटली नाही. त्यांना पुढचा शब्द हवा होता. दोन वर्षांत त्यांना कुणी 'बास' म्हटलं नव्हतं, ताटावर नाही की वर्तमानपत्र घेऊन तासन्‌तास बसल्यावर नाही. त्या एका शब्दासाठी त्यांचा जीव तुटत होता, आणि दुधाची तहान काही ताकावर भागेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काटा छत्तीसशेवर नेला. श्वास जवळ आला. तिसऱ्या दिवशी अडतीसशेवर शेजारच्या सीटची स्प्रिंग करकरली, कुणी सावरून बसावं तशी.

संध्याकाळी लेकीने इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून हुंगली. "जळका वास येतोय. रेघ ओलांडलीत ना?"

"नाही गं."

मोजमापाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच ते खोटं बोलले.

चौथी सकाळ. एकोणचाळीसशे. आरसा, पत्रा, दात, सगळं थरथरत होतं. डॅशबोर्डवरची धूळ नाचत होती. पितळी पट्टीजवळ तळव्याएवढ्या जागेत मात्र ती जागची हलत नव्हती.

श्वास आला.

"अहो," ती म्हणाली, "अजून थोडं."

त्यांनी पाय उचलला.

आवाज तिचाच होता. त्यात राग नव्हता, नुसती माया होती. बराच वेळ त्यांना स्टिअरिंग सोडवेना.

तसेच ते गॅरेजवर गेले आणि चावी लेकीच्या हातात ठेवली. "तुझ्याकडेच राहू दे ही."

"का, काय झालं? थांबा, मीच एक चक्कर मारून बघते," असं म्हणून त्यांनी अडवायच्या आत ती निघालीसुद्धा. मोजणीदार दारात उभे राहून कान देत होते. लांब चढावर इंजिनाचा आवाज चढत गेला, आणखी चढला, आणि गिअर बदलल्याचा आवाज आला. मग त्यांनी रोखलेला श्वास सोडला.

ती परतली ती डोळे पुसत, हसत. तेलकट बाहीचा डाग गालावर उमटला होता.

"मला आधी सांगितलं का नाहीत, बाबा? काटा रेघेला लागला आणि आई बोलली हो! 'बाळा, बास,' म्हणाली. अगदी स्पष्ट." तिने त्यांचा दंड धरला. "तुम्हालाही तेच म्हणते ना?"

पोरीला तिने थांबवलं, याचं मोजणीदारांना फार बरं वाटलं.

"हो," ते म्हणाले. "तेच म्हणते."

आणि चावीसाठी त्यांनी हात पुढे केला.