जाड गॅस्केट

होटगी रोडवर नागनाथचं गॅरेज होतं. समोर यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर त्याची खटखट चालायची, ती थांबली की जेवायची वेळ झाली असं नागनाथ समजायचा. जुन्या गाड्यांची इंजिनं उघडण्यात त्याचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. अंदाजावर तो काही सोडत नसे. आधी मोजायचं, मग हात लावायचा.

मार्चमध्ये धम्मप्रियाने तिच्या वडिलांची अठ्ठ्याहत्तर सालची मोटार टोचन करून आणली. वडील नव्वद साली गेले, तेव्हापासून ती शेडमध्ये बंद होती. आई, चांगुणाबाई, आता ऐंशीच्या पुढे. याच गाडीतून एकदा वेळापूरला माहेरी जायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

"वाटेत इंजिन तापून बंद पडलं तर आईला ते ऊन सोसायचं नाही," धम्मप्रिया म्हणाली. "दहा दिवस जास्त घ्या, पण नीट करा."

इंजिनाच्या हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट गंजून घट्ट बसले होते. दोन दिवस तेल सोडत राहिल्यावर हलले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी पाना लावलेला नव्हता हे उघडच होतं. हेड उचललं तसा साचलेल्या पाण्याचा कुबट वास आला. खाली हेड आणि ब्लॉक यांच्यामधला पातळ पत्रा, म्हणजे गॅस्केट, जळून काळं पडलं होतं. त्याने ते फडक्याने पुसलं. कडेला अणकुचीदार कशाने तरी कोरलं होतं : ना. जाड. २-११-४१.

गॅस्केट बसवण्याआधी नावाचं अक्षर, प्रकार आणि तारीख अशी कोरायची नागनाथचीच सवय होती. 'ना'चा काना खाली डावीकडे वळलेला, तोही त्याचाच. नव्वद साली तो दहा वर्षांचा होता आणि पोहायला शिकत होता.

दुसरा कुणी नारायण नाहीतर नामदेव असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. एक्केचाळीस हा कसला तरी नंबर असेल. त्या साली ही गाडी कुठली असायला! आणि पुढचं एक्केचाळीस तर अजून यायचं होतं. पत्रा त्याने फळीवर ठेवला आणि हेड मोजायला घेतलं. उंची नव्या गाडीत असते तेवढीच भरली. हेड घासून कमी झालं असेल तरच जाड गॅस्केट लागतं, नाहीतर दाब उतरतो आणि गाडी ओढत नाही. हे हेड कधी घासलेलंच नव्हतं. म्हणजे ज्याने कुणी जाड घातलं, त्याने विनाकारण घातलं होतं. नागनाथने गुरुबसप्पाच्या दुकानातून साधं गॅस्केट आणलं आणि हेड नुसतं हलकं साफ करायला प्रभूच्या वर्कशॉपमध्ये दिलं.

तिसऱ्या दिवशी प्रभूचा फोन आला. पाण्याच्या भोकापाशी गंजाने खोल खड्डा पडला होता, वरून दिसला नव्हता. तो जाईपर्यंत घासावं लागलं.

"किती गेलं?"

"चाळीस पॉइंट. अर्ध्या मिलिमीटरला थोडं कमी."

साध्या आणि जाड गॅस्केटमधला फरक बरोबर तेवढाच होता. समोरचे माग थांबले. नागनाथ जेवायला उठला नाही.

दुपारी त्याने गुरुबसप्पाकडून गॅस्केट बदलून जाड आणलं. बसवण्याआधी हात सवयीने कोरायच्या खिळ्याकडे गेला. त्याने तो मागे घेतला. या वेळी काहीच कोरलं नाही.

इंजिन सुरू झालं. नागनाथ अक्कलकोट रोडला वीस किलोमीटर जाऊन आला, तापमानाचा काटा मधोमध राहिला. पाण्याचा थेंबही कमी झाला नाही.

रविवारी सकाळी धम्मप्रिया आईला घेऊन आली. चांगुणाबाई मागच्या सीटवर बसली, सीटवरून तळवा फिरवला. मग खिडकीतून नागनाथकडे बराच वेळ बघत राहिली.

"मागल्या बारीला लवकर झालतं की," ती म्हणाली. "हे गेले त्याच साली. सकाळी आलता, दुपारी गेलता तुमी."

नागनाथने सांगितलं की ही गाडी त्याने याच महिन्यात पहिल्यांदा पाहिली. आईचा घोळ होतो आताशा, असं धम्मप्रिया हलक्या आवाजात म्हणाली.

"घोळ न्हाय," चांगुणाबाई शांतपणे म्हणाली. "हेच मेस्त्री हुते."

मग तिने पुन्हा नागनाथकडे पाहिलं.

"तवा डोकं पांढरं हुतं तुमचं. आता काळं कसं झालं?"