पदूच्या हातचा दात

"मी जाणार!" विमलअक्का म्हणाली, आणि लंडनमधल्या हाउन्सलोच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात आमटीत फिरणारा डाव जागच्या जागी थांबला.

डाव आशाच्या हातात होता. विमलअक्काची ती धाकटी भावजय. सोळा वर्षं एका घरात काढूनही नणंदेच्या तोंडून 'मी' हा शब्द एवढ्या ठामपणे निघालेला तिने ऐकला नव्हता. 'अलकाला शाळेत सोडते', 'जयंताच्या डब्याचं बघते', 'तुमचं होऊ द्या, मी मागाहून जेवते'... अक्काचं सगळं बोलणं असं दुसऱ्यांच्या नावांनी भरलेलं असायचं! आज मात्र टेलिफोन आला काय आणि साठी उलटलेली ही बाई ताठ उभी राहिली काय!

फोन आला होता हॅलसेहून. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, जिथे नकाशा फाटून त्याचे कपटे समुद्रात पडल्यासारखे दिसतात, तिथल्या एका कपट्यावरून. जयंत-आशाच्या सोळा वर्षांच्या मुलीने, अलकाने, तो घेतला होता. बोलणारी बाई सांगत होती की बेटाचा पहिला दंतवैद्य, डॉक्टर पद्माकर, तीस वर्षांनी निवृत्त होतोय, गावाने त्याचा समारंभ ठेवलाय आणि त्याच्या घरचं कुणी येईल तर बरं होईल. या पद्माकरने तरुणपणी एक मोडकी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, बोटीवर चढवून त्या बेटांवर नेली होती आणि जिथे दात दुखला तर लोहाराकडे जायची रीत होती, तिथे दवाखाना उभा केला होता. तोच हा पद्माकर, अक्काचा पाठचा भाऊ. तिचा पदू.

"अक्का, अगं त्याने स्वतः बोलावलंय का?" जयंत म्हणाला. तो या दोघांचा शेंडेफळ भाऊ, विमानतळावर कामाला. "ते गाववाले बोलावताहेत. दादाने एका शब्दानं कळवलेलं नाही. आणि मला शिफ्ट सोडता येणार नाही."

"नको सोडूस. अलका येईल माझ्याबरोबर."

"वन्सं, अहो, उगीच मन दुखवून घ्याल." आशा हळूच म्हणाली. "मागे नाही का..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. मागे एकदा पद्माकर हीथ्रोवर विमान बदलायला उतरला होता. घर हाकेच्या अंतरावर! अक्काने पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या होत्या. दुपारी त्याचा फोन आला, वेळ नाही म्हणून. आणि संध्याकाळी छपरावरून विमान गेलं तेव्हा अक्का परसात उभी राहून त्याच्याकडे पाहत होती... कोणत्या विमानात तो असेल हे तरी तिला कुठे ठाऊक होतं!

एकाच देशात राहून सोळा वर्षं भावाचं तोंड दिसू नये, याला काय म्हणावं? नाही म्हणायला दर भाऊबीजेला त्याचं पार्सल यायचं. त्यात साडी नाही, ख्यालीखुशालीची ओळ नाही. दात घासायचे ब्रश! वर्षभर पुरतील एवढे ब्रश. आशा हसून हसून बेजार व्हायची. अक्का मात्र ते उचलून कपाटात ठेवायची आणि रोज सकाळी त्यातल्याच ब्रशने दात घासायची. भावाची ओवाळणी ती.

आणि ब्रश फिरता फिरता वरच्या ओळीत एका जागी अडखळायचा. तिथे सुळा नव्हता.

त्या खिंडीमुळे अक्का हसताना पदर तोंडाशी न्यायची. इंग्लंडात आल्यावर कार्डिगनची बाही न्यायला लागली, एवढाच काय तो फरक. "वन्सं, नाक्यावरच्या डेंटिस्टकडे चला, एका आठवड्यात बसवून देतील," असं आशाने किती वेळा सांगितलं असेल. अक्काचं उत्तर ठरलेलं. "बसवेन तर पदूच्या हातचा." भाऊ दातांचा डॉक्टर आणि बहीण खिंड घेऊन फिरतेय... सांगायची तरी कुणाला! जयंतला वाटायचं हा हट्ट आहे. पण एखादं माणूस सगळ्यांसाठी सगळं सोडतं तेव्हा एक बारीकशी इच्छा मुठीत घट्ट धरून ठेवतं, आणि ती मूठ उघडायला कुणी सांगू नये.

ग्लासगोपर्यंत विमान, पुढे बस, मग बोट. बोटीवर वारा असा की अक्काने नऊवारीवर जयंतचा ओव्हरकोट चढवला होता.

"आत्या, आपले आजोबा पण डेंटिस्ट होता?" अलकाने विचारलं. पोरीचं मराठी हाउन्सलोत वाढलेलं, लिंगवचनाचा तिथे खेळखंडोबा. "तिथे मला बोलायला सांगितला तर स्पीचमध्ये फॅमिलीचा सांगायचा आहे."

"डेंटिस्ट कसला गं! न्हावी होते आपले आजोबा. दहिवडीच्या बाजारात पोतं अंथरून दाढ्या करायचे आणि दुखरे दात उपटायचे. लोखंडी चिमटा होता त्यांचा. लोक आमच्या घराला दातपाड्याचं घरच म्हणायचे. मग वडिलांनी तोच धंदा केला. ते गेले तेव्हा जयंता रांगत होता. मी म्हटलं, पदूने पोत्यावर बसायचं नाही. खुर्चीमागे उभं राहायचं, डॉक्टर होऊन."

"आणि तो चिमटा?"

अक्का समुद्राकडे पाहू लागली. पदू विलायतेला निघाला त्या दिवसापासून चिमटा घरात सापडला नव्हता. बोटीतून फेकून दिला असेल त्याने, असं तिने केव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. साहेबांच्या देशात दातपाड्याचा नातू म्हणवून घ्यायला कुणाला आवडेल? आणि दातपाड्याची अडाणी, खिंड पडलेली नातही... तीही नको असेल. म्हणूनच तो येत नाही. दुसरं काय कारण असणार! तिने तर आयुष्यभर त्याच्यापासून एकच गोष्ट लपवली होती, आणि ती त्याला कळणं शक्यच नव्हतं.

ती गोष्ट अशी. पदू शेवटच्या परीक्षेला बसला तेव्हा अक्का परळच्या खोलीत त्याला रांधून घालायला राहिली होती. दात काढण्याच्या परीक्षेला पेशंट ज्याचा त्याने आणायचा, अशी त्या कॉलेजची रीत. पदूने एक गिरणी कामगार ठरवला होता. त्या भल्या माणसाने दारातून खुर्ची पाहिली आणि जो पळाला तो पळालाच! पदू पायरीवर मटकन बसला. पेशंट नाही तर परीक्षा नाही, वर्ष गेलं, आणि पुढचं वर्ष बघायची घराची ताकद नव्हती. डबा घेऊन आलेली अक्का कोपऱ्यावरच्या वैदूकडे गेली, लवंगेचं तेल सुळ्याला चोळून आली आणि गालाला हात लावून म्हणाली, "पदू, माझाच सुळा ठणकतोय रे कालपासून. तुझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून बोलले नाही."

त्याने आरसा लावला. तो सुळ्याभोवती पुन्हा पुन्हा फिरवला. मग त्याने इंजेक्शन भरलं. सुई हिरडीशी येऊन अडली, तेव्हा अक्कानेच त्याचं मनगट धरलं.

पदू पास झाला. महिन्याने फलटणचे पाहुणे अक्काला बघायला आले, आणि "या वयात दात पडलाय म्हणजे मुलगी थोराड असणार, वय चोरताहेत" म्हणून निघून गेले. आणखी एकदोन ठिकाणी तेच झालं. मग अक्काने तो नादच सोडला. पुढे पदू विलायतेला गेला आणि त्यानेही लग्न केलं नाही. गावातले म्हणाले, मडम ठेवली असेल.

पद्माकरच्या दवाखान्याला लागूनच असलेला हॅलसेचा हॉल माणसांनी भरला होता. पद्माकर पहिल्या रांगेत बसला होता. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. दारात नऊवारी दिसताच तो उभा राहिला, तिच्याकडे दोन पावलं आला... आणि थांबला. "अक्का," एवढंच म्हणाला. तिच्या चेहऱ्याकडे न पाहता, तिच्या पायांकडे पाहत. आपण यायला नको होतं असं अक्काला वाटलं.

मग फोनवरची ती बाई बोलायला उभी राहिली. मोराग तिचं नाव. पन्नाशीची, लालबुंद गालांची. अलका अक्काच्या कानाशी लागून सांगू लागली.

"ती म्हणते, मी नाइन्टीन होते. माझा लग्न ठरला. इथे आधी असं होतं, की लग्नाच्या आधी बाप मुलीचे सगळे दात काढून टाकायचा आणि खोटे बसवायचा. गिफ्ट म्हणून! म्हणजे नवऱ्याला नंतर त्रास नको." अलकाने डोळे विस्फारले. "तिचा बाप तिला काकाच्या कॅरॅव्हॅनमध्ये घेऊन आला. काका नाही म्हणाला. चांगले दात मी काढणार नाही. बाप खूप चिडला. सगळा बेट चिडला. कुणी काकाशी बोलत नव्हता, दूध देत नव्हता. तरी काका तिच्या घरी चालत गेला, आणि म्हणाला..."

अलका थांबली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला... मी एकदाच चांगला दात काढला आहे. माझ्या बहिणीचा. ती म्हणाली दुखतो. मला माहीत होता की दुखत नाही. लवंगचा वास येत होता आणि दाताला होल नव्हता. तरी मी काढला. आता ती हसत नाही. म्हणून मी दुसऱ्या कुणाचा..." पोरीचा आवाज फुटला. "आत्या, तुझा तो दात?"

समोर मोराग आपले सगळेच्या सगळे दात दाखवत हसत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. अक्काला काही ऐकू येत नव्हतं. त्याला ठाऊक होतं! इतकी वर्षं, या जगाच्या टोकावर, एकटा, ते ओझं उरावर घेऊन... आणि ती वेडी समजत होती की त्याला आपली लाज वाटते!

तिने हाताने चेहरा पुसला, उठली, आणि मधल्या दारातून सरळ शेजारच्या दवाखान्यात गेली. आत खुर्चीच्या समोर, भिंतीवर काचेच्या चौकटीत आजोबांचा चिमटा होता. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण चिमट्याची वाकडी मूठ तिने ओळखली. मागोमाग पद्माकर आला.

"अक्का, थकली असशील. चहा..."

"चहा नको." ती ओव्हरकोट काढून खुर्चीत बसली. "दात बसवून घ्यायला आलेय. आज दवाखाना बंद होतोय म्हणे. मला घे शेवटची."

त्याने हात धुतले, वाटीत गुलाबी लगदा कालवला, साच्यात भरला. "आ कर," म्हणाला. तिने आ केला. साचा वरच्या दातांवर बसला, आणि त्याने तो बोटांनी दाबून धरला.

"नाकाने श्वास घे. घट्ट होईपर्यंत हलायचं नाही." आणि मग, खिडकीबाहेर पाहत, तो हळूच म्हणाला, "आता तुला बोलता यायचं नाही, म्हणून बोलतो."

अक्काचे डोळे त्याच्याकडे वळले.

"मला कळलं होतं, अक्का. आरसा लावला त्याच क्षणी. सांगायला हवं होतं, ऊठ म्हणून. नाही सांगितलं. पास व्हायचं होतं मला! फलटणची माणसं उठून गेली तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. सगळं ऐकत होतो. बाहेर येऊन सांगितलं नाही की वय नाही चोरलंय तिनं, दात मी चोरलाय... तिथून पळालो तो इथवर आलो. दर वर्षी ब्रश पाठवायचो, दुसरं काय पाठवणार? उरलेले तरी टिकू देत म्हणून. विमानतळावरून तुझ्या दारापर्यंत आलो होतो त्या दिवशी. पुरणपोळ्यांचा वास आला. बेल वाजवायचा धीर झाला नाही."

अक्काच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. गालांवरून खाली, त्याच्या बोटांवर. तिला बोलायचं होतं, ओरडायचं होतं, पण भाऊच डॉक्टर आणि तोंडात साचा! ती हलली नाही. त्याने सांगितलं होतं ना, हलायचं नाही.

साचा निघाला. पद्माकर मान खाली घालून उभा राहिला.

"झालं तुझं बोलून?" अक्का म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "आता माझं ऐक. चोरलास म्हणे! अरे, सुळा माझा, तेल मी चोळलं, तोंड मी उघडलं, मनगट मी धरलं तुझं. मी दिला तो. उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मी माझ्या मनानं, माझ्या आनंदानं दिली, आणि तू ती चोरी म्हणून इतकी वर्षं माझ्याकडून हिसकावून घेत होतास?"

"अक्का..." तो तिच्या पायांशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. तिने त्याचं पांढरं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"लग्न झालं नाही त्याचं वाईट नाही वाटलं रे तेवढं," ती म्हणाली. "तू आला नाहीस, त्याचं वाटलं."

मग त्याने तिच्याच पदराने डोळे पुसले. "दात तयार व्हायला आठवडा लागेल. राहशील?"

"मला कोण हाकलतंय आता? पण पदू, काय रे हे तोंडात घातलंस! पेपरमिंट कालवलेली कणीक की काय? या असल्या चवीवर तुझा सत्कार करतात होय?"

आणि तिला हसू आलं. जुन्या सवयीने हात पदराकडे गेला, पण पदर त्याच्या मुठीत होता. तो तसाच खाली बसून, मान वर करून, ती खिंड पाहत होता. तिने पदर सोडवून घेतला नाही. ती हसत राहिली.