भिकनच्या घराचा कागद

छावणीच्या पुलाजवळ मेंढ्यांनी रस्ता भरून टाकला आणि केसरची सायकल थांबली. त्र्याण्णवचा डिसेंबर होता. सकाळचं कोवळं ऊन लोकरीत गुंतून मेंढ्यांबरोबरच चाललं होतं. कळपामागं एक तरुण… पायात कारखान्याचे बूट, खांद्यावर घोंगडी. हे दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर तिनं पहिल्यांदा पाहिलं.

"दमानं घ्या मॅडम. घंटी वाजवली की त्या उलट्या फिरत्यात."

"नऊला विद्यापीठात पोचायचंय मला."

"मग त्यांना सांगा. माझं कुठं ऐकत्यात? तुमचं ऐकतील."

तिनं हसू दाबलं. काळ्या कानाची एक मेंढी सायकलच्या चाकाला नाक लावून उभी राहिली.

"हिला तरी बोलवा. नाव काय हिचं?"

"काजळी. हिची आई भुरी, भुरीची आई लंगडी, लंगडीची आई बिडकीनच्या बाजारातली…" तो सांगतच गेला. बोटं न मोजता, आठवायला न थांबता, पार आठव्या पिढीपर्यंत.

केसर ऐकत राहिली. रस्ता मोकळा झाला तरी ऐकत राहिली. ती प्राणिशास्त्रात एम.फिल. करत होती. कोणत्या घरात गाठीचा आजार, म्हणजे कॅन्सर, पिढ्यान्‌पिढ्या येतो, ते तिला शोधायचं होतं. चार महिने ती दवाखान्यातून हिंडत होती, आणि आजीच्या पलीकडचं कुणालाच सांगता येत नव्हतं.

"माणसांचंही असं सांगता येतं तुम्हाला?"

"येतं की. बापानं शिकवलंय." तो थांबला. "कुणाच्या माणसांचं पायजे?"

"तुमच्याच. माझा कागद कसा भरायचा ते तरी कळेल."

त्याचं नाव भिकन. चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर. सुट्टी शुक्रवारी, आणि सुट्टीत बाप मुंजाबाची मेंढरं, जी जानेवारीत बिडकीनकडच्या शेतांत बसायची. पुढच्या शुक्रवारी तो विभागात आला तेव्हा केस ओले, विंचरलेले होते. घोंगडी नव्हती.

तिनं कागद पसरला. पुरुष असेल तर चौकोन, बाई असेल तर गोल. गाठ झालेली असेल तर आतून काळं करायचं.

"पुरुष चौकोनी का वो?"

"तशी पद्धत आहे."

"आमचा मुकादम बरोबर चौकोनी हाय. म्या कुठं हाय?"

"तुम्ही इथं. खाली." तिनं एक रिकामा चौकोन काढला. शेजारी लहान बहीण सुगंधाचा गोल.

मग त्याच्या आग्रहावरून तिनं सगळं समजावलं. प्रत्येक पेशीत एक जनुक असतं, पी-त्रेपन्न.

"हे काय नाव? बसच्या नंबरावाणी?"

"ऐका तर. पेशी बिघडली की ते तिला अडवतं. दुरुस्त हो म्हणतं. नाहीच झाली, तर मर म्हणतं. आणि पेशी मरते… मुकाट्यानं, शेजारणीला धक्का न लावता."

"म्हंजे येसकरच की. वेशीवर जागा."

केसरची पेन्सिल थांबली. "माझा आजा येसकर होता. बापानं ते काम सोडलं, गावही सोडलं." तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. "या जनुकानं काम सोडलं, तर मात्र गाठ होते."

आता तो उठेल, असं तिला वाटलं. बाहेर नामांतराच्या मोर्चाच्या घोषणा चालल्या होत्या. पंधरा वर्षं चाललेल्याच.

"सायकलच्या दांडीवरचं निळं फडकं पुलाजवळच बघितलं व्हतं म्या," भिकन म्हणाला.

"मग?"

"मग काय… मेंढरांना विचारलं. त्यांची काय हरकत नाय."

यावर ती हसली. मोठ्यानं हसली. बाजूच्या टेबलावरच्या दोघींनी माना वळवल्या.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी भिकननं चार पिढ्यांची माणसं सांगून टाकली. बापाची बाजू स्वच्छ निघाली. मग आईची बाजू आली.

"आई बानाबाई. छातीला गाठ व्हती. बत्तीसाव्या वर्षी गेली."

केसरनं गोल काळा केला.

"मामा कारभारी. डोस्क्यात. सत्तावीस. तुमच्या नाकाला शाई लागली हाय, केसरबाई."

"पुढं सांगा."

"आज्जी. तिचंबी छातीचंच, आई मांडीवर असताना. आन आमची थोरली, दगडा. नडगीला सूज आली, आम्ही म्हणलं खेळताना लागलं आसंल… अकरा वर्षांची व्हती."

ती एकेक खूण काळी करत गेली. ग्रंथालयात आलेल्या परदेशी मासिकात तिनं वाचलं होतं: काही घरांत हे जनुक जन्मापासूनच मोडकं असतं, आणि निम्म्या लेकरांत तसंच उतरतं. आईकडच्या काळ्या खुणांखाली भिकनचा चौकोन आणि सुगंधाचा गोल अजून पांढरे होते. तिनं कागद पालथा घातला.

"पालथा नका घालू," भिकन हळूच म्हणाला. "मला वाचता येतो त्यो."

"निम्मी शक्यता आहे फक्त. नसेलही तुमच्यात. इथं तपासायची सोय नाही, पण…"

"निम्मं लई झालं. अशा वळीचं, अशा रक्ताचं पिल्लू बाप कळपात वाढवत नाय." तो उठला. बोटांनी टेबलाची कड चाचपली. "आज एक विचारायला आलो व्हतो तुमाला. आता नाय विचारत."

त्यानंतरचे तीन शुक्रवार तो आला नाही. तिसऱ्या शुक्रवारी, चौदा जानेवारीला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. वस्तीत हलगी वाजली, निळा गुलाल उडाला. केसरचा बाप दाराशी बसून राहिला, ताट थंड झालं तरी. खेड्यांतून वाईट बातम्याही आल्या. कुठं घरांवर दगड, कुठं नुसतीच बोलणी.

"हा आठवडा खेड्याकडं जायचं नाय," आई मनकर्णाबाईनं बजावलं.

केसर बरं म्हणाली, आणि पुढच्या शुक्रवारी बिडकीनच्या बसमध्ये बसली.

ज्वारी हुरड्यात आली होती. शेताच्या कडेला मेंढरांचा वाडा, आणि वाड्याच्या तोंडाशी मुंजाबा लोकर कातरत बसलेला.

"कुणाची गं तू, पोरी?"

"छावणीकडची. बौद्धाची."

कातर थांबली. मुंजाबानं तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. वाटेकडंही एकदा पाहिलं. मग स्वतःचा चंबू पुढं केला. "उन्हाची आलीस. पाणी पी."

ती पीत असताना भिकन वाड्यातून बाहेर आला आणि तिथंच खिळला.

"काय काम काढलं?"

"दोन कामं आहेत. सुगंधाला दर सहा महिन्यांनी डॉक्टरकडं न्यायचं. तुम्हीही जायचं. गाठ हरभऱ्याएवढी असताना सापडली तर काढता येते. तुमच्या आईला फार उशिरा नेलं."

"आन दुसरं?"

"त्या दिवशी जे विचारणार होतात, ते विचारा."

"केसर… मी सांगितलं नव्हतं का? वळच तशी हाय."

"मी काय बाजारात एडका पारखायला आलेय?"

मुंजाबाची कातर पुन्हा थांबली. भिकननं आवाज खाली आणला.

"पोरं झाली, आन त्यांच्यात उतरलं तर?"

"व्हायची की नाही, ते दोघं मिळून ठरवू. आज नाही."

"गाव बोलंल."

"माझी वस्तीही बोलेल."

"आन मी तिशीतच गेलो तर?"

"तर तिशीपर्यंत."

वारा ज्वारीतून गेला, कणसं एकमेकांवर घासली. भिकननं डोळ्यांत काही गेल्यासारखं केलं. ते त्याला नीट जमलं नाही.

"विचारतो," तो म्हणाला. "पण हितं नको. बाप ऐकतोय."

"ऐकू द्या."

मग त्यानं विचारलं. मान खाली घालून, बुटाच्या टोकानं माती उकरत, चारच शब्दांत. केसरनं उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला. एवढा लावला, की शेवटी वाड्याच्या तोंडाकडून मुंजाबाच ओरडला,

"आरं, काय म्हणती ती?"