बावीस फूट पाण्यातली मुलगी

"आजोबा, फाटकाला साखळी कोणी घातली?" चिंगीने विचारलं. सुट्टीचा पहिलाच दिवस होता. ती आणि तिचा मामेभाऊ ढब्बू खांद्यावर टॉवेल टाकून धरणावर आले होते.

आजोबांनी फाटकापलीकडे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांकडे बोट केलं. चाळीस वर्षं त्यांनी याच पायऱ्यांवर अख्ख्या उपनगराला पोहायला शिकवलं होतं. आता फाटकावर पाटी होती : 'खोली बावीस फूट. उतरण्यास मनाई.'

"बावीस? मागच्या सुट्टीत माझ्या छातीपर्यंत होतं," ढब्बू म्हणाला.

"नवे इंजिनिअर आलेत. भिंतीवरची पाणी मोजायची पट्टी वाचली म्हणे," आजोबा म्हणाले. "मी आता घरीच बसतो."

आजोबा आणि घरी? चिंगीला ते पटेना. भिंतीवरच्या पट्टीवर पाणी खरंच बावीसच्या आकड्याला टेकलं होतं. ढब्बूने कठड्यावरून पायऱ्यांखालच्या, पाण्यात बुडालेल्या ओट्यावर दगड बांधलेली दोरी सोडली. जेमतेम तीन फूट भिजली.

"दोरी वाकडी गेली असेल. पट्टी सरकारी आहे," म्हणत इंजिनिअरसाहेबांनी ऑफिसातून दोघांना वाटेला लावलं.

"आता?" ढब्बूने विचारलं.

"आता सरकारी पट्टीलाच साक्षीला बोलवायचं."

नौका क्लबच्या खोलीत धरणावरच्या जुन्या सहलींचे फोटो टांगले होते. होड्या, टोप्या घातलेली कुटुंबं, पोहण्याच्या शर्यती. चिंगीने एकेक फोटो नाक लावून पाहिला. अकराव्या फोटोत तिची आजी सापडली, दहा वर्षांची! त्याच ओट्यावर ती छातीभर पाण्यात उभी होती आणि मागच्या पट्टीवर पाणी बावीसला टेकलेलं.

फोटो साहेबांच्या टेबलावर गेला.

"साहेब, माझी आजी लहानपणी पंचवीस फूट उंच होती का?"

साहेबांनी चष्मा पुसला. कपाटातून धरणाचा मूळ नकाशा काढला, बराच वेळ पाहिला आणि कपाळाला हात लावला. "पट्टीचं शून्य धरणाच्या पायाशी आहे. ओटा एकोणीस फुटांवर. मी नकाशा न बघताच पाटी लावली."

साखळी त्यांनी स्वतः काढली. "काका, नात हुशार आहे तुमची. माझ्या हाताखालच्या कोणालाच हे सुचलं नाही."

"तुम्हाला पोहता येतं का साहेब?" आजोबांनी विचारलं.

साहेब हळूच म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साहेब अर्ध्या चड्डीत, ट्यूब कवटाळून ओट्यावर उभे होते.

"ट्यूब सोडा," आजोबा म्हणाले. "तीनच फूट आहे."