टोलेडोचं कडवं

"तुमचा सोबती तिकडेच का थांबलाय? त्यालाही बोलवा की. रस्सा पुष्कळ आहे."

इडेला सहज बोलून गेली. मोंटानातला नोव्हेंबर, भर दुपारी दिवा लावावा लागेल असं धुकं. रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीचा स्वयंपाक ती एका जुन्या रेल्वेच्या डब्यात करायची. मालगाडीवरून उतरलेला कुणी फिरस्ता दारात आला, की आधी चार शब्द सुनावायचे आणि मग वाडगा भरून द्यायचा, ही तिची रीत. हा मात्र सुनावण्याआधीच पांढराफटक पडला.

"तुम्हाला... दिसला तो?"

"न दिसायला काय झालं? तपकिरी कोट घातलाय. पाण्याच्या टाकीपाशी आहे."

तिने पुन्हा पाहिलं, तर टाकीपाशी कुणीच नव्हतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण घाबरलेलं दाखवील ती इडेला कसली!

"आत या," ती म्हणाली. "अन् दार लावा, धुकं फुकट खाऊन जाईल."

तो हसला. डोळे करडे, थोडे थकलेले... वाडगा घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, तर बर्फासारखी गार. तिने हात मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही.

"जिवंत आहात ना नक्की?"

"तेच तर कुणाला पटत नाही," तो म्हणाला.

दरड कोसळल्यामुळे तीन दिवस गाडी आली नाही, म्हणून तो राहिला. लाकडं फोडायचा, बटाटे सोलायचा आणि रस्त्यावरच्या गोष्टी सांगायचा. एका गोष्टीवर तर इडेला इतकी हसली की पीठ सांडलं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. नाव विचारलं की मात्र तो बटाट्यांकडे बघायचा. आणि त्या तीन दिवसांत चूल चार वेळा आपोआप विझली. लाकडं कोरडी होती, वाराही नव्हता.

चौथ्या दिवशी टोळी डब्यासमोरच्या रुळांवर आली. पहारी रुळाखाली घालून माणसं गाऊ लागली. त्यांचं एक गाणं होतं, गेलेल्यांचं. रस्त्यावर कुणी फिरस्ता मेला की त्यात एक कडवं वाढायचं. त्या माणसांना कबर मिळेलच असं नसतं, कडवं तेवढं मिळतं.

*पुलाखाली पाणी काळं, टोलेडो निजला गार,*
*कोट तपकिरी अंगावरती, बटणं त्याला चार...*

त्याच्या हातातला बटाटा खाली पडला.

"टोलेडो म्हणजे मी," तो म्हणाला. "रस्त्यावर मला हेच नाव पडलंय."

मग त्याने सगळं सांगितलं. मार्च महिन्यात मालगाडीच्या डब्यात एक माणूस थंडीने कुडकुडत होता. याने त्याला आपला कोट दिला. सकाळी तो डब्यात नव्हता. पुलाखाली सापडला. लोकांनी कोट ओळखला, चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. टोलेडो गेला म्हणाले, कडवं जोडलं.

"माझ्याआधी माझं मरण पुढच्या गावाला पोचतं, इडेला. नाव सांगितलं की माणसं शेकोटीवरून उठतात. खोटं नाव सांगितलं तर शेकोटीच विझते. कारण तो मागे असतो."

दारात तिचे वडील उभे होते, टोळीचे मुकादम ऑर्व्हल. त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं होतं.

"कडवं लागलेला माणूस माझ्या टोळीत चालायचा नाही," ते म्हणाले. "रस्ता मोकळा झालाय. तीनची गाडी इथे हळू होते. जाऊ दे त्याला, पोरी."

ते गेले. तो गाठोडं बांधू लागला. चार दिवसांचा माणूस तो... पण तो गेला तर या डब्यात तिला एकटीला राहवणार नव्हतं, हे तिला पक्कं कळून चुकलं.

"त्याला काय हवंय, ते विचारलंस कधी?"

"भीती वाटते गं."

"म्हणून आठ महिने नुसता पळतोयस? शहाणाच आहेस. नाव काय होतं त्याचं?"

"त्याने सांगितलंच नाही."

इडेला खालीच बसली. "अरे, मग त्याच्यासाठी कोण गाणार? जे कडवं आहे ते तुझ्या नावाचं. आणि तू ते नाव सोबत घेऊन हिंडतोयस."

त्याने गाठोडं खाली ठेवलं. मग पायऱ्या उतरून धुक्यात गेला. ती दारातून बघत होती. तपकिरी कोट आता टाकीपाशी नव्हता, दहा पावलांवर आला होता. चेहऱ्याच्या जागी फक्त धुकं होतं.

याने टोपी काढली.

"ठेव तुला," तो म्हणाला. "कोट दिला तसं नावही दिलं. टोलेडो तूच."

आणि त्याने ते कडवं स्वतः म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत. टोळीने पहारी खाली ठेवल्या. दुसऱ्यांदा म्हणताना सगळे त्याच्यासोबत गायले, ऑर्व्हलसुद्धा, टोपी छातीशी धरून. गाणं संपलं तेव्हा धुक्यात दुसरं कुणी नव्हतं.

तीनची गाडी आली, हळू झाली, निघून गेली. तो पायरीशीच उभा होता.

"आता तुला हाक कशी मारायची रे?" इडेलाने विचारलं.

तो वाकला आणि तिच्या कानात आईने ठेवलेलं नाव सांगितलं. त्याचा श्वास चांगला गरम होता. ती कानापर्यंत लाल झाली.

"आईनंतर तुलाच सांगितलं," तो म्हणाला. "तू... मला आवडतेस म्हणून."

तिने ते नाव ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाहिलं.

"छान आहे. टोळीत कुणाला सांगायचं नाही."

"मग काय सांगू?"

"इडेलाचा माणूस म्हणून सांग. इथे तेवढं पुरतं."

"पण नाव का लपवायचं?"

तिने त्याची बोटं घट्ट धरली. बाहेर माणसं पुन्हा पहारी उचलत होती.

"त्यांना कळलं तर ते कधीतरी गातील," ती म्हणाली.