लेकराकडे पाह्यजा

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

हे घडलं आमच्या झुंबरकाकूच्या बाबतीत. गाव अमडापूर, जिल्हा बुलढाणा. साल एकोणीसशे अडुसष्ट. श्रावण नुकताच सरलेला, वेळ दिवेलागणीची.

जागा मात्र अमडापूर नव्हे.

जागा अंदमान.

हिंमतकाका फौजेत होते. त्यांची बदली त्या बेटावर झाली आणि काकू तान्ह्या मोतीरामला घेऊन बोटीने तिकडे गेली. गावात सगळ्यांना वाटलं, पोरीने नशीब काढलं. नारळाची झाडं, चहूकडे समुद्र, सरकारी क्वार्टर! दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

तिथे पाऊस थांबतच नसे. बाळोती वाळत नसत. ट्रंकेतल्या लुगड्यांना बुरशी यायची. ज्वारी नजरेला पडत नव्हती, रोज भात. कांदे बोटीने आले तर आले. ओल्या लाकडांच्या धुराने डोळे चुरचुरायचे. काका महिन्यातले बरेच दिवस दुसऱ्या बेटावर ड्युटीला.

आणि मोतीराम... तो रडायचा. दिवसभर रडायचा.

काकू पार गळून गेली होती.

पाण्याचा नळ टेकडीच्या पायथ्याशी. पाणी यायचं संध्याकाळी, आणि तिकडे अंधार लवकर पडतो. कडेवर पोर आणि हातात दोन बादल्या, हे एकट्या बाईला जमणारं नव्हतं.

अमडापूरचं घर माणसांनी भरलेलं. बाई पाण्याला निघाली की उंबऱ्यातून आत ओरडायची, "लेकराकडे पाह्यजा वं!" आत कोण आहे, ते बघायचं कामच नसे. सासू, जाऊ, नणंद, कोणीतरी "हाव" म्हणायचंच.

त्या संध्याकाळी काकूने मोतीरामला लुगड्याच्या झोळीत ठेवलं, बादल्या उचलल्या आणि सवयीने तेच म्हटलं.

रिकाम्या घराला.

उतारावर तिचं तिलाच हसू आलं. पण परत आली, तर घरात...

आवाज नव्हता.

मोतीराम झोपला होता. झोळी हलत होती. सावकाश. कोणी नुकताच हात काढून घेतल्यासारखी.

वारा असेल, असं काकूने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी निघताना तिने पुन्हा तेच म्हटलं. जरा मोठ्याने.

आणि आतून...

"हाव."

बाईचा आवाज. वऱ्हाडी. दमलेला.

आपण असतो तर किंचाळत सुटलो असतो. काकूच्याही अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिच्या हाकेला कोणी ओ दिली होती. ती गेली, पाणी घेऊन आली. पोर शांत झोपलेलं.

मग ते रोजचंच झालं. घरात कोण आहे, ते काकूने बघितलं नाही. बघायची ताकदच नव्हती म्हणा.

एक दिवस नळावर शेजारच्या केसरबाई भेटल्या. त्या साताऱ्याकडच्या. म्हणाल्या, "झुंबरबाई, सासूबाई आल्यात व्हय तुमच्या?"

"नाही बा. काऊन?"

"न्हाई, काल तुम्ही इकडं आला न्हवं, तवा पोरगं कडेवर घेऊन कोण उभं हुतं तुमच्या दारात? पाठ हुती माझ्याकडं."

काकूच्या हातातली बादली सुटली.

त्या दिवसापासून ती पोराला पाठीशी बांधून नळावर जाऊ लागली. पण मोतीराम अंगावर पिईना. मान वळवून घराकडे हात करायचा आणि आक्रोश करायचा. पोर डोळ्यांदेखत सुकत चाललं.

शेवटी एका संध्याकाळी काकूच्या अंगात ताप, बाहेर धो धो पाऊस. तिने मोतीरामला झोळीत ठेवलं आणि बादल्या उचलल्या. तोंड घट्ट मिटलेलं. काहीच म्हणाली नाही.

मोतीराम रडायचा थांबला.

"जाय तू," आतून आवाज आला. "दमली असशीन."

काकूचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं.

"गावाले जाय. मी हाय याच्यापाशी."

गाव... भरलेलं घर, ज्वारीची भाकर, कोरडं अंथरूण.

काकू भानावर आली तेव्हा ती नळाच्याही पुढे, बोटीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली होती. बादल्या कुठे पडल्या, ठाऊक नाही.

ती उलटी पळाली. दोनदा पडली. घरात येऊन झोळीत हात घातला, तर पोर उचलेना.

पलीकडून कोणीतरी धरलं होतं.

"माह्यं हाय," काकू रडत म्हणाली. "माह्या पोटचं हाय. सोड वं."

तिने पकड सैल केली नाही.

मग पोर हलकं झालं.

काकांनी पुढच्याच बोटीने दोघांना परत धाडलं. त्या क्वार्टरमध्ये आधी कोण राहायचं, याची त्यांनी चौकशी केली. कोणी धड सांगेना. वऱ्हाडातलं तर कोणीच नव्हतं.

अमडापूरला मोतीराम बोलायला लागला. पहिला शब्द "माय". घरातल्या बाया हरखल्या. पण काकूने पाहिलं, तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यामागे बघत होता.

"हाव!" काकू घाईने म्हणाली. दुसऱ्या कोणी ओ देण्याआधी.

तेव्हापासून त्याने बाहेरून हाक मारली की काकू हातचं टाकून धावते. दूध उतू गेलं तरी. आता तिचे गुडघे गेलेत, तरीही. आम्ही हसायचो तिला.

गेल्या दिवाळीत काकू तापाने अंथरुणाला खिळली होती. घसा पार बसलेला. मी उशाशी होतो, घरात तिसरं कोणी नव्हतं. मोतीरामदादा शेतातून आला आणि अंगणातून म्हणाला, "माय!"

काकूने उठायची धडपड केली. माझं मनगट घट्ट धरलं. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी ओ देणार, तोच...

स्वयंपाकघरातून कोणीतरी "हाव" म्हटलं.

काकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत जाऊन बघायची माझी हिंमत झाली नाही. आजही त्या घरात मी एकटा बसत नाही.

अंगणात दादा पाय धूत होता.

त्याने पुन्हा हाक मारली नाही.